पाकिटावरचा आकडा आणि कानातला प्लग

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात मुंबईच्या गिरणीत जन्म काढून परत आलेला एक तरी म्हातारा बहुतेक वाड्या-गल्ल्यांत असायचा. आमच्या नेसरीतही असे होते. त्यांची एक ठळक खूण म्हणजे ते कानगोष्ट सांगायला लागले तरी ती तिसऱ्या घरात ऐकू जायची. आम्हा पोरांना वाटायचं, गिरणीवाले म्हणजे तापट माणसं. साचेखात्यात पंचवीस-तीस वर्षं काढल्यावर स्वतःचाच आवाज स्वतःला पुरेसा ऐकू येत नाही, म्हणून माणूस ओरडून बोलतो, हे कळायला बरीच वर्षं गेली. घरात त्याला ‘वय झालं’ म्हणायचे आणि विषय तिथंच मिटायचा.

गिरण्या गेल्या. पुढची पिढी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फौंड्र्यांत गेली. काही जण इचलकरंजीच्या मागांवर लागले, काही हरळीच्या साखर कारखान्यात, काही हलकर्णीच्या एमआयडीसीत. आवाजाने त्यांची पाठ सोडली नाही. फरक एवढाच, की आता त्यातल्या अनेकांच्या खिशात प्लॅस्टिकच्या पुडीत फोमचे दोन इअरप्लग असतात, आणि पुडीवर एक आकडा छापलेला असतो: २९, ३२, ३३. इतके डेसिबल आवाज कमी होतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तो आकडा या माणसाच्या या कानात खरा ठरतो का, हे प्रत्यक्ष मोजून बघायचं, असा एक विचार गेली काही वर्षं जगभर जोर धरतो आहे. त्याला फिट टेस्ट म्हणतात. चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावलं चालून बघतो. कानाच्या बाबतीत मात्र पाकीट वाचून काम भागवत आलो. फिट टेस्टवरून तज्ज्ञांत काय मतं आहेत, पुरावा कुठवर पोचला आहे आणि आपल्या कोल्हापूरच्या कारखानदारीत ती कुठे उभी राहते, याचा हा आढावा.

दुखणं जुनं, नोंद उशिराची

आवाजाने कान जातात हे कारागिरांना फार आधीपासून माहीत होतं. इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कामगारांच्या आजारांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन केलं आहे: दिवसभर तांबं ठोकून हे लोक म्हातारपणी ठार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीत ज्याचं बालपण गेलं असेल त्याला हे वाचून नवल वाटणार नाही. पुढे १८८६ मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरने शंभर बॉयलर-कारागिरांचे कान तपासले आणि या बहिरेपणाला आकड्यांचा आधार मिळाला.

हे नुकसान होतं कसं, ते थोडक्यात सांगायला हवं. आतल्या कानाच्या शंखात पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. मोठा आवाज रोज आदळत राहिला की त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला मार बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीला. म्हणून सुरुवातीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ असे बारीक फुसकारे देणारे वर्ण आधी निसटतात. ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं. घरचे म्हणतात, ‘ऐकायचं तेव्हा बरोबर ऐकू येतं!’ त्यांचं निरीक्षण खोटं नसतं. जाड, खालच्या पट्टीतला आवाज त्याला खरंच ऐकू येत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढांमधल्या अपंगत्व आणणाऱ्या श्रवणदोषापैकी सुमारे १६ टक्के कामाच्या ठिकाणच्या आवाजामुळे येतो. उपचार नाही, प्रतिबंध मात्र शक्य आहे. म्हणूनच प्रतिबंधाच्या साधनाचा आकडा खरा असणं इतकं महत्त्वाचं.

तो आकडा येतो कुठून

फोमचा, चुरगाळून कानात घालायचा आणि आत फुलणारा प्लग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाजारात आला. १९७९ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने अशा प्रत्येक साधनावर एनआरआर, म्हणजे आवाज किती घटतो तो आकडा, छापणं सक्तीचं केलं. युरोपात त्याच्या जागी एसएनआर छापतात. आपल्याकडे मिळणाऱ्या पाकिटांवर अनेकदा दोन्ही असतात आणि दोन्ही वेगळे असतात, त्यामुळे स्टोअरवाला गोंधळतो.

एनआरआर काढण्याची जी पद्धत कायद्यात बसली, तिच्यात प्रयोगशाळेतल्या शांत खोलीत थोड्या स्वयंसेवकांच्या कानात प्लग बसवण्याचं काम बहुधा प्रयोग घेणारा जाणकारच करतो. मग सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करतात. हिशेब असा, की जवळजवळ सगळ्यांना निदान एवढं संरक्षण मिळावं. गणित प्रामाणिक आहे. पण ज्या हातांनी प्लग बसवला ते हात कारखान्यात नसतात.

कारखान्यात काय होतं? फेटलिंगला, म्हणजे ओतीव भागांच्या घासकामाला, उभा असलेला माणूस डाव्या हातात हातमोजा धरतो, उजव्या हाताच्या काळ्या बोटांनी प्लग दाबतो, कानाच्या तोंडाशी अडकवतो आणि ग्राइंडर सुरू करतो. प्लगचा निम्म्याहून जास्त भाग बाहेर दिसत राहतो. नीट बसवायचा तर बोटं स्वच्छ हवीत. प्लग बारीक सुरकुतीरहित कांडीसारखा वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. मग कांडी आत सरकवून वीस-तीस सेकंद बोट लावून धरायचं, ती फुलेपर्यंत. बसला की स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. हे करायला दोन्ही कानांचं मिळून दीड मिनिट लागतं, आणि हे कुणी हाताला धरून दाखवलंय असे कामगार मला फार थोडे भेटले.

श्रवणसंरक्षणाचे अमेरिकी संशोधक एलियट बर्जर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रत्यक्ष कामाच्या जागी झालेल्या बावीस अभ्यासांचा मेळ घातला. इअरप्लगचं खरं संरक्षण छापील आकड्याच्या सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपास भरलं. कान पूर्ण झाकणाऱ्या इअरमफचं बरं होतं, साधारण साठ टक्के.

यावर पहिला उपाय निघाला तो सरसकट कपातीचा. अमेरिकेच्या नायोश या संशोधन संस्थेने १९९८ मध्ये सुचवलं, की इअरमफच्या आकड्यातून २५ टक्के, फोमच्या प्लगमधून ५० टक्के आणि इतर प्लगमधून ७० टक्के वजा करा. तिथल्या अंमलबजावणी खात्याचा, ओशाचा, ठोकताळा असा: मोजमाप साध्या मीटरवरच्या डेसिबल-ए मध्ये असेल तर आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं धरा. म्हणजे २९ च्या प्लगचे हिशेबात उरतात ११.

कपातीने कागदावरचा खोटा दिलासा कमी झाला. पण सरासरीने कुणाचाच कान झाकला जात नाही. त्याच पुडीतला तोच प्लग एकाला २५ डेसिबल वाचवतो आणि शेजारच्याला ३. कपातीचं सूत्र दोघांनाही ११ च देतं. पहिला विनाकारण दुहेरी साधनं घालून घामाघूम होतो आणि दुसऱ्याचे कान निमूटपणे जात राहतात. फिट टेस्टचा विचार इथून सुरू झाला.

चाचणीत नेमकं काय करतात

बाजारात असलेल्या उपकरणांच्या साधारण तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा ऐकण्याच्या उंबरठ्यावर चालते. कामगाराच्या डोक्यावर मोठ्या वाटीचा हेडफोन लावतात आणि अगदी बारीक सूर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. एकदा प्लगशिवाय, एकदा प्लग घालून. दोन्हींतला फरक म्हणजे प्लगने अडवलेला आवाज. यात कामगाराचा रोजचा, पुडीतला प्लगच वापरता येतो, हा मोठा फायदा. अडचण ही, की खोली बऱ्यापैकी शांत लागते आणि माणसाचं चित्त लागतं. रात्रपाळी करून आलेला माणूस बटण उशिरा दाबतो.

दुसरीत दोन्ही कानांतला आवाज सारखा वाटेपर्यंत कामगार स्वतः तो कमी-जास्त करतो: आधी उघड्या कानांनी, मग एका कानात प्लग घालून, मग दोन्हींत. शांततेची अट थोडी सैल होते. पण ‘सारखा वाटतो’ ही गोष्ट प्रत्येकाला चटकन उमगतेच असं नाही.

तिसरी तऱ्हा मायक्रोफोनची. आरपार बारीक नळी असलेला खास प्लग कानात घालतात, समोरच्या स्पीकरमधून घरघर सोडतात, आणि एक मायक्रोफोन बाहेरचा तर दुसरा नळीतून कानाच्या आतला आवाज टिपतो. काही सेकंदांत उत्तर, कामगाराच्या उत्तराची गरज नाही. पण रोज वापरायचा प्लग हा नव्हे, त्याचा नळीवाला भाऊ असतो. आणि ही यंत्रणा बहुधा त्या त्या कंपनीच्या मालापुरतीच चालते.

तिन्हींतून शेवटी एकच गोष्ट निघते: या माणसाला या प्लगने आज इतकं संरक्षण मिळालं. तिला पीएआर, म्हणजे व्यक्तिगत संरक्षणाचा आकडा, म्हणतात. या उपकरणांनी किती अचूक असावं याचं अमेरिकी मानक २०१८ मध्ये आलं.

समजा ग्राइंडिंगच्या एका कामगाराचा दिवसभराचा सरासरी आवाज ९८ डेसिबल आहे. त्याला ८० ते ८५ च्या पट्ट्यात आणायचा तर पीएआर १३ ते १८ हवा. चाचणीत डावा कान २२ दाखवतो, उजवा ६. पडद्यावर उजवीकडे लाल पट्टी येते. प्रशिक्षक म्हणतो, ‘काढा, परत घाला, पाळी ओढा.’ दुसऱ्यांदा १९ येतात. त्या क्षणी कामगाराला जे कळतं ते दहा पोस्टरांनी कळत नाही. चाचणी घेणारे बहुतेक लोक हाच क्षण सांगतात, आणि मलाही चाचणीचं खरं बळ मापनापेक्षा या शिकवण्यात वाटतं.

कोण काय म्हणतं

चाचणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पक्ष आता मजबूत झाला आहे. २००८ मध्ये अमेरिकेत ओशाच्या सहभागाने निघालेल्या एका मार्गदर्शक पत्रकात वैयक्तिक चाचणीला चांगली पद्धत म्हटलं गेलं. २०२५ मध्ये नायोशने एक पाऊल पुढे टाकलं. सरसकट कपातीची १९९८ ची आपली शिफारस बाजूला ठेवून प्रत्येक कामगाराची संख्यात्मक चाचणी घ्यावी, असं तिने धोरण म्हणून जाहीर केलं. ज्या संस्थेची कपातीची टक्केवारी जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होती तिनेच ती मागे घ्यावी, ही या वादातली सगळ्यात मोठी घडामोड आहे. तिथला कायदा मात्र अजून चाचणीची सक्ती करत नाही.

पुराव्याचं काय? वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात एक गोष्ट बऱ्यापैकी ठाम निघाली: प्लग कसा घालायचा हे समोर बसवून शिकवलं तर संरक्षण सरासरी साडेआठ डेसिबलने सुधारतं. हा फरक छोटा नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा निम्मी होते, म्हणजे इथं ती सातव्या हिश्शावर येते. पण हे मोजमाप शिकवल्यानंतर लगेचचं आहे. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी त्यातलं किती उरतं आणि शेवटी बहिरेपण किती कमी होतं, याचा भक्कम पुरावा अजून तोकडा आहे. चाचणीचे समर्थकही हे मान्य करतात.

दुसरा पक्ष आहे अभियांत्रिकी उपाय आधी मागणाऱ्यांचा. यात औद्योगिक आरोग्याचे जुने जाणकार आहेत आणि कामगार संघटनांचे लोकही. कानात काहीतरी घालणं हा सुरक्षेच्या उतरंडीतला शेवटचा उपाय, असं ते म्हणतात. आधी यंत्र शांत करा: ओतीव भाग साच्यातून सोडवण्याच्या जागेला (नॉकआऊटला) बंदिस्त कक्ष, हवेच्या सिलिंडरला सायलेन्सर, सैल पत्र्याला रबर, साखर कारखान्यात वाफेच्या तोंडाला मफलर, मिल हाऊसमध्ये कामगारासाठी काचेची केबिन. फिट टेस्टचं कौतुक वाढलं की मालक म्हणेल, ‘माझ्या सगळ्यांचा पीएआर वीसच्या वर आहे, मग यंत्रावर खर्च कशाला?’ ही भीती मला निराधार वाटत नाही. इचलकरंजीचंच बघा. तिथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून धोटा इकडून तिकडे आपटतो आहे. धोट्याविना चालणाऱ्या मागांनी तो मूळचा ठोकाच काढून टाकला. असा बदल झाला की कामगाराच्या शिस्तीवर काही अवलंबून राहत नाही. मात्र या पक्षाला एक प्रश्न टाळता येत नाही: साधा माग, जुना ग्राइंडर उद्याही चालणार आहे, त्याच्यासमोर उभ्या असलेल्याचं आज काय करायचं?

तिसरं म्हणणं आहे की मापाच्या अचूकतेत अडकू नका, घालण्याच्या वेळेकडे बघा. यामागचं गणित डोळे उघडणारं आहे. ३० डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांच्या पाळीत फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर दिवसभराचं सरासरी संरक्षण ३० वरून १२ च्या आसपास येतं. तासाभराच्या चहा-बिडीच्या वेळेबद्दल हे नाही, आवाजात असताना काढलेल्या अर्ध्या तासाबद्दल आहे. आणि माणसं प्लग काढतात त्याला कारणं असतात. उकाड्यात कान खाजतो. घाम साचून बुरशी येते, कान फुटलेला असेल तर प्लग घालताच येत नाही. सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही. आणि एक कारण जे ऑफिसात बसलेल्यांना सुचत नाही: मुरलेला कामगार यंत्र कानाने चालवतो. बेअरिंग जातंय, धागा तुटलाय, चाक घासतंय, हे त्याला आवाजाच्या बदलावरून आधी कळतं. त्याचे कान घट्ट बंद केले तर त्याचं कसबच बंद केल्यासारखं होतं. युरोपीय मार्गदर्शनात म्हणूनच अतिसंरक्षणाचाही विचार आहे. कानाशी ७० डेसिबलपेक्षा कमी आवाज उरला तर क्रेनचा भोंगा आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न बुडण्याचा धोका. जास्त आकड्याचा प्लग म्हणजे चांगला प्लग, हा आपल्या स्टोअरमधला समज इथं उलटा पडतो. फिट टेस्टचे समर्थक यावर म्हणतात, की नेमकं माप कळलं तरच हलका, सोसवणारा प्लग निर्धास्तपणे देता येतो. दोन्ही बाजू इथं एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात.

चौथी बाजू छोट्या उद्योजकांची, आणि आमच्या भागात तीच सर्वांत मोठी. बारा माणसांच्या ग्राइंडिंग शेडला परदेशी बनावटीचं चाचणी-यंत्र परवडत नाही, चाचणी घेणारा प्रशिक्षित माणूसही नाही. त्यांना साधी, विनायंत्राची पद्धत हवी. प्लग दिसतोय किती हे समोरून बघायचं, स्वतःचा आवाज घुमतो का विचारायचं, हाताच्या ओंजळी कानावर दाबून-सोडून फरक पडतो का पाहायचं. फार फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही. या खुणांनी आकडा मिळत नाही, पण ढळढळीत चूक सापडते. ढळढळीत चुका किती आहेत हे पाहता मी या बाजूला कमी लेखणार नाही.

आपल्या कायद्यात हे कुठे बसतं

कोल्हापुरात आवाज म्हटला की डॉल्बी आठवते. गणपतीच्या मिरवणुकीवरून दरवर्षी बैठका होतात, मीटर घेऊन पोलीस उभे राहतात. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम त्यामागे आहेत. पण ते कुंपणाबाहेरच्या आवाजाचे. कुंपणाच्या आत वर्षातले तीनशे दिवस जे चालतं त्याला कारखान्यांचा कायदा आणि त्याखालचे नियम लागू होतात.

त्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९५ ला चार तास, १०० ला दोन तास, ११५ च्या वर अजिबात नाही. नायोशच्या शिफारशीत सुरुवातच ८५ पासून आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये दोन तास नाही, फक्त पंधरा मिनिटं. एकाच कानासाठी हे दोन हिशेब. पीएआर किती पुरेसा हे ठरवताना कुठला धरायचा, हा आपल्याकडचा पहिलाच पेच.

आवाजाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा रोग म्हणून होतं. भरपाईच्या कायद्यातही त्याला जागा आहे. इअरप्लग-मफसाठी भारतीय मानक आहे, आयएस ९१६७, मूळ १९७९ चं. कान झाकण्याची साधनं देणं आणि श्रवणचाचणी करणं नियमांत आहे. साधन त्या कानात बसतं का हे मोजण्याची अट मात्र नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची २०२० ची संहिता त्या कायद्याच्या जागी लागू झाली. तिच्यातही हा रोग यादीत आहे. फिट टेस्टसाठी काही मोठ्या वाहन आणि अभियांत्रिकी कंपन्या स्वतःहून पुढे येतात, त्यांच्या परदेशी मुख्यालयांचा तो दंडक असतो म्हणून. पुरवठादार फौंड्रीपर्यंत तो झिरपत नाही.

आणि शेडचं काय? महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. नव्या संहितेतही कारखान्यासाठी वीसच आहेत, जरी संहिता एकूण दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. इचलकरंजीतली कितीतरी मागशेडं या आकड्यांच्या खाली राहतात. तिथली पाळी बारा तासांची. आठ तासांना ९० चा हिशेब बारा तासांना लावला तर आपल्याच सैल सूत्रानुसार मर्यादा ८७ वर येते, आणि नायोशच्या सूत्रानुसार ८३ च्या जवळ. साध्या मागांच्या शेडमधला आवाज दोन्हींच्या बराच वर असतो. जिथं गरज सर्वांत जास्त तिथं कायद्याचा हात सर्वांत आखूड, ही या आढाव्यातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट.

न सुटलेले प्रश्न

चाचणीच्या दिवशी माणूस जपून प्लग घालतो, कारण समोर कुणी बघत असतं. सोमवारी सकाळी शेडमध्ये तो कसा घालतो हे चाचणी सांगत नाही. एकाच माणसाचा आकडाही दर वेळी थोडा बदलतो. म्हणून एकदा १५ आले तर पास म्हणायचं, की त्यातून अनिश्चिततेचे काही डेसिबल वजा करून? यावर एकमत नाही. चाचणी वर्षातून एकदा, वार्षिक श्रवणचाचणीबरोबर घ्यावी असं बरेच म्हणतात, पण त्या अंतराला पक्का पुरावा कमी आहे. तीन तऱ्हांची यंत्रं एकाच कानाला वेगवेगळे आकडे देतात, त्यांची एकमेकांशी सांगड किती घालायची हाही प्रश्न उघडा आहे.

कानांच्या आकाराचा प्रश्न वेगळा. प्लगची मापं ज्या कानांवर ठरली ते कान आपले नव्हेत. बायकांच्या कानाची नळी सर्वसाधारणपणे अरुंद असते, आणि काजू किंवा पॅकिंगच्या शेडमध्ये त्यांना तोच एका मापाचा फोम मिळतो, तो दुखतो, त्या काढून ठेवतात. इअरमफ द्यावा तर कुड्या, बुगडी, चष्म्याची दांडी आणि डोक्यावरचा पदर गादीखाली येतात आणि फटीतून आवाज आत शिरतो. फेटलिंगला हेल्मेट, चष्मा, मास्क आणि मफ एकत्र घालून बघितला तर चारांतलं एक तरी नीट बसत नाही. ही सगळी साधनं एकत्र घालून चाचणी घ्यायला हवी, असं आता म्हटलं जातं. तसं करणारे थोडे आहेत.

ज्याची श्रवणशक्ती आधीच गेली आहे त्याचं काय, हा प्रश्न तर फार नाजूक. उंबरठ्याच्या पद्धतीत त्याला बारीक सूर मुळातच ऐकू येत नाही. नळीवाल्या मायक्रोफोनने त्याची चाचणी होते, पण प्लग घातल्यावर त्याला भोंगाही ऐकू येत नाही, तर चाचणी पास झाली तरी तो सुरक्षित कसा? श्रवणयंत्र लावणाऱ्या कामगाराने आवाजात काय करावं, याला सोपं उत्तर कुणाकडे नाही.

शिवाय चाचणीचा निकाल कुणासाठी? काही ठिकाणी कमी पीएआर आला की कामगाराची बदली होते, ओव्हरटाइम बंद होतो. असं झालं की पुढच्या वेळी लोक चाचणीत हुशारी करायला शिकतात. निकाल शिक्षेसाठी नाही, शिकवण्यासाठी आहे, हे पाळायचं कसं याची ठरलेली रीत आपल्याकडे अजून नाही.

छोट्या शेडांसाठी एक सूचना अधूनमधून ऐकू येते: चाचणी-यंत्र एकेका कारखान्याने घेण्यापेक्षा औद्योगिक वसाहतीच्या संघटनेने घ्यावं, दूध संकलनाच्या गाडीसारखं ते शेडाशेडांतून फिरावं. शांत खोली हवी असेल तर गाडीतच. साखर कारखान्यांना हे जास्त जमण्यासारखं आहे. दिवाळीच्या आसपास गळीत सुरू होण्याआधी सगळी माणसं एकत्र येतात, यंत्रं बंद असतात, आणि मिल हाऊससुद्धा तेव्हा शांत असतं. कामगाराला तिथंच समोर बसवून शिकवता येईल. याचा खर्च कुणी उचलायचा, चाचणी घेणाऱ्याला प्रशिक्षण कुणी द्यायचं, हे ठरलेलं नाही. मुंबईत शीवला केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था आहे, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे. ज्ञान राज्यात आहे. ते गडहिंग्लजपर्यंत कसं आणायचं हा प्रश्न आहे.

शेवटचा प्रश्न कागदाचा. नेसरीचा एखादा तरुण दोन वर्षं शिरोलीत ठेकेदाराकडे ग्राइंडिंग करतो, मग कागलला, मग चाकणला. पहिल्या ठिकाणी झालेली श्रवणचाचणी तिथल्या फायलीत राहते, दुसरीकडची झालेली असलीच तर दुसरीकडे. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला ‘सात’चा ‘हात’ ऐकू यायला लागतो तेव्हा कुठल्या कारखान्याने किती कान घेतला हे दाखवणारा एकही कागद त्याच्या घरच्या पेटीत नसतो. चाचणीचा आकडा, प्लगचं माप आणि दरवर्षीचा श्रवणालेख कामगाराच्याच हातात, त्याच्या नावाच्या कार्डावर द्यावा की मालकाच्या नोंदवहीत ठेवावा, यावर डॉक्टर, मालक आणि संघटना यांची बोलणी अजून नीट सुरूही झालेली नाहीत.